गॅस्केट बदलूनही तोच फ्लँज पुन्हा गळतो, तेव्हा

एखादा फ्लँज, म्हणजे दोन पाइप जोडणारी भोकांची जाड चकती, गळू लागतो. लाइन रिकामी करून गॅस्केट (दोन फ्लँजमधली सील करणारी चकती) बदलली जाते, स्टड (फ्लँज आवळणारे, दोन्ही टोकांना नट असलेले बोल्ट) आवळले जातात, पाण्याच्या दाबचाचणीत एक थेंबही पडत नाही. मग लाइन चालू होते आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच जागी पुन्हा ओल दिसते. दुसऱ्या वेळी अधिक महागडी गॅस्केट मागवली जाते. तिसऱ्या वेळी पान्याच्या दांड्यात पाइप घालून दोघं जण जोर लावतात. चौथ्या वेळी 'हा फ्लँजच खराब आहे' असं ठरतं आणि खाली बादली लावली जाते.

वाफ, आम्ल, गरम तेल किंवा ज्वलनशील वायूच्या लाइनवर अशी गळती अंगवळणी पडणं कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. माझं मुख्य म्हणणं एकच आहे: काढलेली गॅस्केट भंगारात टाकण्याआधी वाचा. पुन्हा पुन्हा होणाऱ्या गळतीचं मूळ क्वचितच गॅस्केटमध्ये असतं. ते पाइपच्या ओढीत असतं, स्टडच्या ताणात असतं, फेसवरच्या (गॅस्केट टेकते त्या पृष्ठावरच्या) ओरखड्यात असतं किंवा त्या जागी चुकीच्या प्रकारचा फ्लँज बसवण्यात असतं, आणि या प्रत्येकाची खूण गॅस्केटवर उमटलेली असते. लॅप जॉइंट, ओरिफिस, स्पेक्टॅकल ब्लाइंड, रिंग जॉइंट अशा खास कामाच्या फ्लँजना तर गळण्याच्या आपापल्या वेगळ्या वाटा आहेत. तिथे साध्या वेल्ड नेक (मानेने थेट पाइपला वेल्ड होणाऱ्या) जॉइंटचा अनुभव पुरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. जॉइंट उघडून करायची कोणतीही तपासणी दाबाखालच्या लाइनवर करायची नाही. दाब शून्यावर आला आहे, लाइन रिकामी आहे, थंड आहे आणि दोन्ही बाजूंनी तोडलेली आहे याची खात्री झाल्याशिवाय एकही नट सैल करू नका. चालू लाइनवरचा गळता फ्लँज 'थोडा आवळून बघू' हा मोहही टाळा. आवळताना आधीच गंजलेला स्टड तुटला तर गॅस्केट तिथल्या तिथे फुटून बाहेर येऊ शकते.

गळती केव्हा होते आणि घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर

जॉइंट उघडण्याआधी दोन गोष्टींची नोंद करा. पहिली वेळ. दाबचाचणीतच गळत असेल तर संशय फेसवर, गॅस्केटच्या बैठकीवर किंवा सरळ सरळ कमी आवळण्यावर घ्यावा. चाचणीत कोरडा आणि लाइन तापताना गळत असेल, तर पाइप प्रसरण पावताना फ्लँजला वाकवतो आहे का ते बघावं. तापलेला असताना कोरडा आणि बंद करताना किंवा अचानक थंड प्रवाह आल्यावर गळत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तापताना फ्लँज आधी गरम होतो, स्टड मागाहून. त्यामुळे स्टडवरचा ताण वाढतो आणि गॅस्केट नेमून दिल्यापेक्षा जास्त दाबली जाते. थंड होताना फ्लँज आधी आकसतो, स्टड अजून गरम आणि लांब असतात. ताण उतरतो, आणि दबून गेलेल्या गॅस्केटमध्ये परत फुगून जागा भरायची ताकद उरलेली नसते. काही आठवड्यांनी हळूहळू सुरू होणारी गळती बहुधा स्टडचा ताण झिरपून गेल्याची असते.

दुसरी नोंद जागेची. गॅस्केट काढण्याआधी तिच्यावर आणि दोन्ही फ्लँजवर बाराच्या आकड्याची, म्हणजे सगळ्यांत वरच्या जागेची, खूण करा, शिवाय प्रवाहाची बाजू लिहा. ही अर्ध्या मिनिटाची खूण नसेल तर पुढचं सगळं वाचन वाया जातं. आणि थेंब जिथे पडतो तिथूनच गळती होते असं धरू नका. वरच्या व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) किंवा ओरिफिसच्या टॅपच्या (दाब मोजायच्या भोकाच्या) आट्यातून आलेलं पाणी इन्सुलेशनखालून वाहत फ्लँजच्या तळाशी गोळा होतं. इन्सुलेशन काढून, फ्लँज कोरडा पुसून बघितल्याशिवाय काहीच ठरवू नका.

गॅस्केट काय सांगते

व्हर्नियर घ्या आणि आठ जागी जाडी मोजा. स्पायरल वूंड (धातूची पट्टी आणि मऊ भरण गुंडाळून केलेली) गॅस्केट ४.५ मिमीची असते आणि नीट बसल्यावर तिची जाडी ३.२ ते ३.४ मिमीच्या आसपास येते. काढल्यावर ती किंचित परत फुगते, तेवढं लक्षात घ्या. सगळीकडे मूळच्याइतकीच जाड राहिली असेल तर स्टडनी तिला पुरेसं दाबलेलंच नाही. एका बाजूला पातळ आणि समोरच्या बाजूला जाड असेल तर फ्लँज समांतर नव्हते, किंवा आवळणारा एका बाजूने सुरू होऊन गोल फिरत गेला. आतली वळणं केंद्राकडे ढासळून नळीत डोकावत असतील तर गॅस्केट अती दाबली गेली आहे, आणि बहुधा तिला आतली रिंग नव्हती. आतली रिंग वाचवून पैसे वाचत नाहीत. ढासळलेली पट्टी सुटून पुढच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते.

फेसवरच्या बारीक गोलाकार रेघांचा ठसा गॅस्केटवर पूर्ण वर्तुळभर दिसला पाहिजे. जिथे ठसा नाही तिथे धातू टेकलेलाच नाही. आतून बाहेरच्या कडेपर्यंत गेलेली एखादी कापल्यासारखी वाट दिसली तर फेसवर बरोबर त्याच आकड्याला बोटाचं नख फिरवा, आडवा ओरखडा हाताला लागेल. दोन ठसे दिसले तर गॅस्केट आवळताना सरकली किंवा एकदा वापरलेलीच परत बसवली गेली. फायबर शीट कडक होऊन काचेसारखी तडकली असेल तर तापमान तिच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. फुगून मऊ झाली असेल तर द्रव तिला मानवत नाही. ग्रॅफाइट बाहेरच्या कडेने खाल्ल्यासारखं दिसत असेल तर गरम हवेने ते जळतं आहे. हवेच्या संपर्कात साधारण ४५० अंश सेल्सियसच्या पुढे हा त्रास सुरू होतो.

गॅस्केटला ग्रीस, सिलिकॉन किंवा चिकटपट्टी लागलेली सापडली, तर ती सवय आधी बंद करा. गॅस्केट फेसला घट्ट धरून राहते ती घर्षणामुळे. वंगण लावलं की तेच घर्षण जातं आणि दाब तिला बाहेर ढकलतो. फट मोठी वाटली म्हणून दोन गॅस्केट एकावर एक ठेवणं हा त्याहून मोठा अपराध. आणि शीट गॅस्केट जितकी जाड तितकी सुरक्षित, ही समजूत उलटी आहे. फेस चांगले असतील तर १.५ मिमीची शीट ३ मिमीच्या शीटपेक्षा ताण जास्त काळ टिकवते, कारण तिच्यात बसत जाण्यासारखं कमी असतं.

पाइप मोकळा सोडून बघा

ही चाचणी माझ्या मते सगळ्यांत मोलाची आहे आणि सगळ्यांत जास्त टाळली जाते. मी पाहिलेली एक लाइन सांगतो: ४ इंची, गरम कंडेन्सेटची, पंपाच्या डिस्चार्जवरचा १५० क्लासचा (क्लास म्हणजे फ्लँजची दाबाची श्रेणी) जॉइंट. काही महिन्यांत तीन गॅस्केट झाल्या होत्या. तिसरी काढताना आम्ही पहिल्यांदा बाराची खूण केली. चारच्या आकड्याला गॅस्केटवर ठसा नव्हता, समोर दहाच्या आकड्याला ती चिरडलेली होती. मग सगळे स्टड काढले आणि पाइप सोडला, तर तो बाजूला सरकला तो थेट ९ मिमी. पुढच्या सपोर्टवरचा शू (पाइपखालचा टेकू) सरकता राहायला हवा होता. तो कुणीतरी बीमला वेल्ड करून टाकला होता. प्रत्येक वेळी चेन ब्लॉकने पाइप ओढून फ्लँज जुळवला जात होता आणि प्रत्येक वेळी लाइन तापल्यावर तो आपल्या जागी जायला बघत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललं होतं. शूचं वेल्ड कापलं, एक स्पूल (पाइपचा जोडतुकडा) मापाने पुन्हा बनवला. त्यानंतर त्याच साध्या गॅस्केटने तो जॉइंट कोरडा राहिला.

किती फरक चालतो, याला आकडे आहेत. एएसएमई या अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या पीसीसी-१ या मार्गदर्शिकेनुसार दोन फ्लँजचे मध्य १.५ मिमीच्या आत जुळावेत, समांतरपणातला फरक सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद जागेत ०.८ मिमीपेक्षा जास्त नसावा, आणि भोकं फिरण्याच्या दिशेत ३ मिमीच्या आत समोरासमोर यावीत. फ्लँज जुळवायला लागणारं बळ हे स्टडच्या नेमलेल्या एकूण ताणाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. पहार भोकात घालून पाइप ढकलावा लागतो आहे, म्हणजे काम चुकलं आहे. तिथेच थांबा आणि सपोर्ट, गाइड, स्प्रिंग हँगरची पिन, पंपाचा पाया हे सगळं बघून या. हँगरची वाहतुकीची पिन न काढता लाइन चालवल्याची उदाहरणं मी एकापेक्षा जास्त पाहिली आहेत.

स्टड: टॉर्कचा आकडा म्हणजे ताण नव्हे

पान्यावर लावलेल्या बळाचा मोठा भाग घर्षणात जातो: अंदाजे निम्मा नटच्या बुडाखाली, त्याहून थोडा कमी आट्यांमध्ये. स्टड ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून वंगणातला थोडासा फरकही ताणात मोठा दिसतो. ५/८ इंची स्टड १३० न्यूटन-मीटरवर आवळला आणि आटे, नटचं बूड चांगलं वंगण लावलेलं असेल, तर त्यात सुमारे ५४ किलोन्यूटन ताण येतो. तोच स्टड कोरडा, गंजलेला असेल तर त्याच १३० वर २७ किलोन्यूटनच येऊ शकतो. टॉर्क रेंच दोन्ही वेळा तितक्याच खात्रीने 'क्लिक' करतो. एकाच फ्लँजवर चार नवे आणि चार जुने स्टड असतील तर काय होईल, ते यावरून समजून घ्या.

दुसरी बाब लांबीची. दोन ४ इंची, १५० क्लासच्या फ्लँजमधला स्टड पूर्ण ताणल्यावर लांबतो किती, तर ढोबळमानाने ०.१२ मिमी. गॅस्केट पहिल्या काही तासांत ०.०४ मिमी बसली तर एक तृतीयांशाच्या आसपास ताण गेलाच. म्हणूनच आवळायचं ते टप्प्याटप्प्याने: आधी २० ते ३० टक्के, मग ५० ते ७० टक्के, मग पूर्ण, सगळं समोरासमोरच्या क्रमाने. आठ स्टडना गोल फिरत नंबर दिले तर तो क्रम १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ असा येतो. त्यानंतर पूर्ण टॉर्कवर घड्याळाच्या दिशेने गोल फिरायचं, एकही नट हलेनासा होईपर्यंत, कारण एक स्टड आवळला की शेजारचा सैल पडतो. वेळ असेल तर निदान चार तास थांबून ही शेवटची फेरी पुन्हा मारावी. माझा अनुभव असा की पुन्हा पुन्हा गळणारे निम्मे जॉइंट या शेवटच्या फेरीनेच ताळ्यावर येतात, आणि घाईत सगळ्यांत आधी गळते तीही हीच फेरी. टेफ्लॉनची शीट असेल तर ती टाळणं मुळीच परवडत नाही. ते सामान थंड असतानाही पसरत राहतं.

स्टेनलेसच्या लाइनवर आणखी एक चोर असतो. गंज नको म्हणून बी७ (मिश्र पोलादाच्या) स्टडच्या जागी बी८ क्लास १ चे स्टेनलेस स्टड घातले जातात. बी७ ची यील्ड ताकद (जिच्यापुढे धातू कायमचा लांबतो) लहान व्यासात सुमारे ७२० मेगापास्कल, बी८ क्लास १ ची सुमारे २०५. स्पायरल वूंड गॅस्केट नीट बसवायला लागणारा ताण असे स्टड अनेकदा देऊ शकत नाहीत. ते स्वतःच कायमचे लांबतात. स्टेनलेसच हवे असतील तर बी८ क्लास २ घ्या किंवा कमी ताणात बसणारी गॅस्केट निवडा. स्टडच्या टोकावर कोरलेली खूण वाचायला टॉर्च आणि एक मिनिट पुरतं.

फेसबद्दल थोडक्यात. एएसएमईच्या बी१६.५ या फ्लँजच्या मानकात नेहमीच्या रेझ्ड (उंचवट्याच्या) फेससाठी ३.२ ते ६.३ मायक्रोमीटर खडबडीतपणा सांगितला आहे. आरशासारखा घासलेला फेस चांगला नाही, गॅस्केटला धरायला त्यावर काही उरत नाही. जुनी गॅस्केट ग्राइंडरने किंवा छिन्नीने खरवडू नका. गोलाकार रेघांच्या दिशेने गेलेला ओरखडा बऱ्याचदा चालून जातो. त्यांना आडवा छेदणारा ओरखडा म्हणजे द्रवाला खोदून दिलेला पाट.

लॅप जॉइंट

स्टब एंड (टोकाला रुंद कड, म्हणजे लॅप, असलेला छोटा तुकडा) पाइपला वेल्ड होतो आणि मागचा फ्लँज त्यावर मोकळा फिरतो. द्रव फ्लँजला लागत नाही, त्यामुळे स्टेनलेसच्या लाइनवर कार्बन स्टीलचा फ्लँज चालतो, भोकं जुळवणं सोपं होतं, वारंवार उघडायच्या लाइनला तो सोयीचा. पण गळतीचं एक कारण इथे इतक्यांदा दिसतं की ते आधी बघा: मागे लॅप जॉइंट फ्लँजच्या जागी साधा स्लिप ऑन (एरवी पाइपवर सरकवून वेल्ड करायचा फ्लँज) बसवलेला असतो. लॅप जॉइंट फ्लँजच्या आतल्या कडेला गोलाई असते, ती स्टब एंडच्या कोपऱ्यातल्या गोलाईवर बसते. स्लिप ऑनची कड टोकदार. ती ए प्रकारच्या स्टब एंडच्या कोपऱ्यात रुतते, लॅपवर सपाट टेकत नाही, दाब वर्तुळभर सारखा पडत नाही, आणि कालांतराने त्या कोपऱ्यात तडा जातो. स्लिप ऑन वापरायचाच असेल तर बी प्रकारचा स्टब एंड त्यासाठीच असतो. पाइप फुलवून केलेला पातळ सी प्रकार दोन्ही फ्लँजबरोबर बसतो, पण त्याचा लॅप सहज वाकतो. त्यावर पट्टी ठेवून सपाटपणा बघा.

कंप किंवा वारंवार तापणं-थंड होणं असलेल्या जागी लॅप जॉइंट नकोच, असं मी स्पष्टपणे म्हणेन. त्याचं थकव्याविरुद्धचं आयुष्य वेल्ड नेकच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकंच मानलं जातं. पंपाच्या तोंडाशी तो दर दोन महिन्यांनी गळत असेल तर गॅस्केटचे प्रकार बदलत बसू नका, फ्लँज वेल्ड नेक करून टाका. आणखी एक: मागचा कार्बन स्टीलचा फ्लँज गंजून स्टब एंडला चिकटला असेल तर तो मोकळा राहत नाही आणि आवळताना तिरका अडकतो. उघडल्यावर तो हाताने फिरतो का, ते बघून मगच पुढे जा.

ओरिफिस फ्लँज

हा प्रवाह मोजायचा जॉइंट. इथे एका जॉइंटमध्ये दोन गॅस्केट, मध्ये भोकाची पातळ प्लेट, फ्लँजमध्ये दाबाच्या टॅपची आडवी भोकं आणि प्लेट काढताना फ्लँज फाकवायला जॅक स्क्रू. गळतीचं सर्वांत नेहमीचं आणि सर्वांत कमी संशय येणारं कारण म्हणजे हेच जॅक स्क्रू. प्लेट बदलल्यावर ते मागे फिरवायचे राहतात. मग नट कितीही आवळा, बळ स्क्रूवर जातं, गॅस्केटवर नाही. टॉर्क पूर्ण येतो, कागदावर सगळं ठीक दिसतं, आणि जॉइंट गळतो. आवळायला सुरुवात करण्याआधी दोन्ही जॅक स्क्रू हाताने मोकळे फिरतात का, हे बघायलाच हवं.

दुसरं कारण गॅस्केटच्या जाडीचं, आणि ते गळती नसून चुकीच्या मापनाच्या रूपाने समोर येतं. टॅप प्लेटच्या पृष्ठापासून २५.४ मिमीवर असावा लागतो. रेझ्ड फेसच्या ओरिफिस फ्लँजवर भोक फेसपासून सुमारे २४ मिमीवर पाडलेलं असतं, म्हणजे १.५ मिमीची गॅस्केट गृहीत धरलेली असते. गळती थांबवायला कुणी जाडजूड गॅस्केट घातली तर टॅप प्लेटपासून लांब जातो. लहान व्यासाच्या लाइनला हा फरक झोंबतो. गॅस्केटचं भोक लहान असेल आणि कड नळीत आली असेल तर प्रवाहाचं माप आणखी बिघडतं. म्हणून या जॉइंटवर गॅस्केटचा प्रकार बदलताना इन्स्ट्रुमेंटवाल्यांना बरोबर घ्या. प्लेटच्या दांड्यावरचा मजकूर प्रवाह येतो त्या बाजूला आहे ना, हे तेव्हाच बघून घ्यावं. प्लेट उलटी बसलेली असेल तर तीक्ष्ण कड मागे जाते आणि माप कमी दाखवतं.

आणि आधी म्हटलं ते टॅपचं. आट्यांचे किंवा सॉकेट वेल्डचे टॅप कंपाने तडकतात. साबणाचं पाणी आधी तिथे लावा, फ्लँजला नंतर.

स्पेक्टॅकल ब्लाइंड

चष्म्यासारखी दोन वर्तुळं, एक भरीव, एक पोकळ. लाइन पूर्ण तोडायची तेव्हा भरीव आत, चालवायची तेव्हा पोकळ आत. इथली गळती बहुधा शटडाऊननंतर येते, आणि त्यामागे साधं कारण असतं: जी बाजू वर्षभर बाहेर राहिली ती पावसात, वाफेत गंजली. आता ती फिरवून आत घेतली की खड्डे पडलेला फेस गॅस्केटसमोर येतो. बाहेरच्या बाजूला गंजरोधक लेप आणि झाकण हा याचा खरा उपाय. फिरवताना तो लेप पूर्ण पुसून काढावा लागतो, हे विसरू नका.

फिरवताना फ्लँज फाकवायला पाचर ठोकतात, तिने फेसच्या कडेला आडवी खाच पडते. जॅक स्क्रू किंवा हायड्रॉलिक स्प्रेडर वापरा. दोन्ही बाजूंच्या गॅस्केट नव्या घाला, 'एकच बाजू गळत होती' म्हणून एकच बदलू नका. ब्लाइंडची जाडी धरून स्टडची लांबी हवी, नटमधून पूर्ण आटे गेलेले दिसले पाहिजेत. मोठ्या व्यासात चष्मा फार जड होतो आणि बाहेर लटकणाऱ्या वजनाने जॉइंट एका बाजूला झुकतो. तिथे भरीव स्पेड आणि पोकळ स्पेसर असे दोन वेगळे तुकडेच बरे.

गळका ब्लाइंड बदलताना वर्कशॉपमध्ये हाताशी आलेल्या प्लेटचा तुकडा कापून घालू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. १० इंची लाइनीत १० बार दाब असला तर त्या चकतीवर सुमारे ५ टनांचं बळ येतं. पातळ प्लेट फुगते, कडेला उचलली जाते आणि गळते. पण पलीकडे टाकीत माणूस काम करत असेल तर प्रश्न गळतीचा राहत नाही. बी१६.४८ या मानकात आकार आणि क्लासनुसार जाड्या दिलेल्या आहेत, त्या पाळा.

रिंग जॉइंट आणि बाकीचे

जास्त दाबाच्या लाइनवर खाचेत धातूची रिंग बसते. ही रिंग चिरडूनच सील होते, म्हणून ती एकदाच वापरायची. रिंग खाचेपेक्षा मऊ असावी लागते. साध्या लोखंडी रिंगची कमाल कडकपणा ९० ब्रिनेल (कडकपणाचं माप), कमी कार्बनच्या स्टीलची १२०. चुकून कडक रिंग आली तर रिंगऐवजी फ्लँजची खाच चिरडते आणि त्यानंतर कोणतीही नवी रिंग तिथे नीट बसत नाही. वारंवार गळणाऱ्या जॉइंटमध्ये खाचेच्या उतारावर निळा रंग लावून रिंग टेकवून बघा, रंगाची रेघ अखंड उमटली पाहिजे. रिंगवरचा क्रमांकही वाचा: ४ इंची १५० क्लासला आर३६ लागते, ३०० आणि ६०० ला आर३७, दिसायला दोन्ही सारख्या. खाच फाइलने साफ करायला जाऊ नका. आवळल्यावर दोन फ्लँजमध्ये फट राहते, ती राहायलाच हवी.

पंप किंवा व्हॉल्व्ह बिडाचा आणि फेस सपाट असेल, तर समोर रेझ्ड फेसचा स्टील फ्लँज लावू नका. उंचवट्याबाहेर आधार नसल्याने आवळताना बिडाचा कान वाकतो आणि तडकतो. तो तडा बाहेरून दिसत नाही, गळती मात्र दिसते. स्टील फ्लँजचा उंचवटा लेथवर उतरवून पूर्ण तोंडाची गॅस्केट घालायची. प्लॅस्टिक आणि फायबरग्लासच्या फ्लँजनाही हेच लागू.

२४ इंचांच्या पुढे बी१६.४७ हे मानक लागू होतं, आणि त्यात सिरीज ए आणि सिरीज बी असे एकमेकांशी न जुळणारे दोन घाट आहेत. भोकं जुळत नाहीत म्हणून ती गॅस कटरने लांबट केलेली मी पाहिली आहेत. तिथे नट अर्धाच टेकतो आणि गळती कधीच थांबत नाही. रिड्यूसिंग फ्लँजमध्ये व्यास एकदम बदलतो, त्यामुळे पंपाच्या सक्शनजवळ किंवा वेगवान प्रवाहात तो कंप आणि झीज देतो. तिथे एक्स्पांडर फ्लँज किंवा वेगळा रिड्यूसर घालावा. नळीपासून थेट निघणारा निपोफ्लँज लहान व्यासाचा असतो आणि पुढे जड व्हॉल्व्ह लटकत असला तर कंपाने सैल होतो. त्याला ब्रेस द्या. इन्सुलेटिंग किट (दोन फ्लँजमधून वीज जाऊ न देणारे भाग) असलेल्या जॉइंटवर स्लीव्ह आणि वॉशर किती ताण सोसतात ते किटबरोबरच्या कागदात बघा, नेहमीच्या टॉर्कवर ते चुरडतात आणि ताण उतरतो.

फ्लँज बदलायची वेळ

ओढ काढली, स्टड बदलले, फेस घासून सरळ केला, तरी गळती येते, तेव्हा त्या जागी तो क्लासच अपुरा असण्याची शक्यता बघा. १५० क्लासचा कार्बन स्टील फ्लँज थंड असताना १९.६ बार पेलतो, २०० अंश सेल्सियसला १३.८ आणि ३०० अंशांना १०.२. दाबात बसतो म्हणून तो पुरेसा, असं नाही. बी१६.५ मध्येच इशारा आहे की १५० क्लासचे जॉइंट २०० अंशांच्या पुढे, बाहेरची ओढ आणि तापमानातले तीव्र फरक टाळले नाहीत तर गळू शकतात. इतर क्लासना तोच इशारा ४०० अंशांच्या पुढे. ३ इंची १५० क्लासला फक्त चार स्टड असतात, एक सैल पडला की पाव ताण गेला. अशा गरम जागी ३०० क्लास घेतला की त्याच ३ इंचाला आठ स्टड मिळतात. क्लास बदलता येत नसेल तर स्टड लांब घेऊन खाली कॉलर घाला किंवा नटखाली डिस्क स्प्रिंग बसवा. लांब स्टड जास्त लांबतो, म्हणून गॅस्केट थोडी बसली तरी त्याच्यात ताण उरतो.

जॉइंट परत बंद केल्यावर चार जागी फ्लँजमधली फट मोजून लिहून ठेवा, स्टडची खूण, वंगणाचं नाव आणि अखेरचा टॉर्क यांच्यासह. काढलेली गॅस्केट, तिच्यावरच्या बाराच्या खुणेसह, तारीख घालून पिशवीत ठेवा. पुढे कधी तो फ्लँज पुन्हा गळलाच, तर नवी गॅस्केट मागवण्याआधी ती पिशवी उघडा आणि दोन्ही गॅस्केट बाराच्या खुणेवर जुळवून एकमेकींवर ठेवा.